आश्रुबाच्या तांब्यावरचे ब्रॅकवेल

मित्रांनो, मी एक जुने आडनाव आहे आणि सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. मला ब्रॅकवेल म्हणतात. इंग्लंडातल्या एका खेड्यात नेच्यांनी वेढलेली विहीर होती. ब्रॅकन म्हणजे नेचे आणि वेल म्हणजे विहीर, म्हणून तिच्या काठी राहणाऱ्या माणसाला लोक माझ्या नावाने ओळखू लागले. तिथे आता मला लावणारे कोणी उरले नाही.

निजामाच्या काळात ब्रॅकवेलसाहेब विहीर खोदायला आमच्या तलवाड्याला आला. तिचे दगडी बांधकाम धुळाजीने केले. साहेब गेला, मी मात्र धुळाजीला चिकटलो. साहेबाच्या हाताखाली राबला म्हणून गाव त्याच्या घराला ब्रॅकवेलांचे घर म्हणू लागले. धुळाजीने मला पितळी तांब्यावर कोरून घेतले आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवले.

त्याचा नातू आश्रुबा मात्र माझ्यामुळे शरमत असे. शाळेत पोरे त्याला चिडवायची, "गोरा साहेब आला बे!"

गेल्या महिन्यात त्याच्या एकुलत्या एक लेकीला, मनिषाला, पाहायला चकलांब्याहून पाहुणे येणार होते. आश्रुबा बायकोला म्हणाला, "भिवरा, आडनाव इचारलं तर शिंदे सांगू. हे साहेबाचं नाव ऐकून पाव्हणे उठून जातील." भिवराबाईने तांब्या ज्वारीच्या कणगीत लपवला. अंधारात मी नुसता तळमळत होतो.

मुलाच्या आजोबांनी, नाथाबांनी, विचारलेच, "पाव्हणं, आडनाव काय तुमचं?"

आश्रुबा "शिं..." एवढेच म्हणाला. तेवढ्यात मनिषा पाणी घेऊन आली, कणगीतून काढलेल्या त्याच तांब्यातून!

"आजोबा, आमी ब्रॅकवेल. माझ्या पणज्यानं त्या साहेबाची हीर बांधली. गाव आजबी तिचंच पाणी पितं. हे झाकून सोयरीक नको मला."

नाथाबांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. मला पळून जावेसे वाटले, पण जाणार कुठे? मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

"त्याच हिरीचं पाणी हाय का हे?"

"व्हय."

"लई गोड हाय. आडनाव काय का असंना, कुळाचं देवक सांगा, पुढचं बोलू."

सोयरीक जमली. पण मला चैन पडेना! मनिषाचे आडनाव बदलेल आणि आश्रुबानंतर मला लावणारे कोणी नसेल. काल तो गेवराईहून लग्नाची भांडी घेऊन आला. प्रत्येक भांड्यावर त्याने मला ठळक कोरून घेतले आहे.

आता मी चकलांब्याला निघालो आहे. मित्रांनो, जुने भांडे मोडीत घालण्याआधी त्यावरचे नाव एकदा मोठ्याने वाचा. कदाचित तो मी असेन.