आईचा चौकोनी पंजा

वारूळवाडीच्या बाहेर बंद पडलेल्या एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये दर रविवारी कॅन्सर बरा होत असे. नारायणगावच्या स्टँडवरून जीपगाड्या भरून सुटायच्या. टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो आजारी माणूस आत कुठंतरी गुदमरत बसलेला. शेडमधला कोंबड्यांचा वास अजून गेला नव्हता, पण भक्तांना तो चंदनाचा येई. मधोमध उंच चौरंगावर भस्मानंद महाराज बसत. त्यांनी हिमालयात कडक तप केलं होतं म्हणे. त्यांच्या पोटाकडं पाहिलं की हिमालयात जेवणाची सोय उत्तम असावी असं वाटायचं.

ही गोष्ट १९९८ सालची. मी पिंपरी पेंढारच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. शेजारच्या शीलाच्या छातीतली गाठ काढली होती आणि आता पुण्याच्या हॉस्पिटलात तिचं किरणांचं औषध चालू होतं. आमच्याकडं त्याला 'शेक' म्हणतात. आठवडाभर ती पुण्यात बहिणीकडं राहायची आणि शनिवारी घरी यायची. त्या रविवारी सकाळीच ती दारात आली.

"सर, तुमी संगं चला. मालक शेक बंद करायचा म्हनत्यात. महाराजांनी तसं सांगितलंय."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला जगायचंय, सर. पन कुनाचं ऐकावं ते कळंना."

तिचा नवरा भगवंत वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीही कुठंही नेऊ शकतं. त्याच्या भरवशाचा सगळा आधार म्हणजे आमच्या वाडीचे गेणभाऊ. गेणभाऊंच्या घशात कॅन्सर झाला होता. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मग ते वाशीच्या मार्केटात भावाच्या गाळ्यावर राहायला गेले, परत आले, महाराजांच्या पुड्या खाऊ लागले आणि थोड्याच दिवसांत चक्क भाकरी चावायला लागले. वर त्यांच्या मानेवर एक काळा डाग उमटला होता. महाराजांनी जाहीर केलं की तो साक्षात आईचा, म्हणजे देवीचा, पंजा आहे.

आम्ही पोचलो तेव्हा त्याच पंजाचं प्रदर्शन चाललं होतं.

"देखो, बच्चा, देखो!" महाराज टीव्हीवरच्या मालिकेत शिकलेल्या हिंदीत गरजले. "हितं आईनं हात ठेवला आन् रोग मुळासकट उपटला! डॉक्टर बघत राहिले!"

गेणभाऊ शर्टाचं बटण काढून मान वाकडी करून उभे होते. बाया पुढं येऊन डागाला बोट लावत होत्या आणि तेच बोट आपल्या कपाळाला लावत होत्या. मला शिसारी आली.

शीलाचा नंबर आला. महाराजांनी डोळे मिटले.

"पुड्या घेतीस ना? भूक लागती?"

"लई लागती," शीला म्हणाली.

"गाल कसे वर आलेत बघा हिचे!" गर्दीनं तिचे गाल पाहिले आणि हात जोडले. "आता मशीन बंद. आईला सवत चालत न्हाई. मशीन आत जाळतंय, आई आत थंड करती. दोघींच्या भांडणात तू जाशील, पोरी."

भगवंतानं लगेच वाकून नमस्कार केला. "सोडलं, महाराज. उद्यापासनं पुन्याला पाठवत न्हाई."

मी तोंड उघडणार तेवढ्यात शीला उठली. तिचं महाराजांकडं लक्षच नव्हतं. ती गेणभाऊंच्या मानेकडं टक लावून बघत होती.

"भाऊ, जरा उजेडाकडं वळा की," ती म्हणाली. "ह्यो पंजा चौकोनी कसा वो?"

पुढच्या बाया माना काढून डागाची कड बघू लागल्या.

"पंजाला बोटं असत्यात," शीला म्हणाली. "ह्याची कड तर पट्टीनं आखल्यावानी सरळ हाय."

"देवाचा पंजा मानसासारखा असतोय व्हय, बाई?" महाराज खेकसले.

शीलानं पदर गळ्यापासून बोटभर सरकवला. गळ्याच्या हाडाजवळ जांभळ्या शाईची सरळ रेघ होती, कोपरा होता, आणि आतली कातडी तशीच काळवंडलेली होती.

"मग माझ्यावर कुनी ठिवला? शेकाच्या आधी शाईनं चौकट आखत्यात, तेवढ्यावरच मशीन चालवत्यात. तेवढंच काळं पडतं. भाऊ, खरं सांगा, तुमी शेक कुठं घेतला?"

गेणभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुंबईला," ते म्हणाले. "पोरीची सोयरीक चालली व्हती. घरात क्यान्सर हाय म्हनल्यावर दारात कोन येतंय? म्हून वाशीला गाळ्यावर हाय असं सांगितलं. शेक झाल्यावर पुड्या घेतल्या. वाटलं, दोन्हीचाबी गुन असंल."

शेकाचा गुण शेक संपल्यावर काही आठवड्यांनी दिसतो, आणि बरोबर त्याच वेळी महाराज पुड्या घेऊन हजर होते. मेहनत हॉस्पिटलची, पंजा आईचा आणि मान-पान महाराजांचा! मला गेणभाऊंचाही संताप आला. त्यांच्या झाकपाकीपायी शीला आज मरणाच्या वाटेला लागली असती.

महाराज मात्र कसलेले होते. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "अज्ञानी हो! त्या मशीनमधी आईच बसली व्हती!"

"बरं झालं सांगितलंत," शीला शांतपणे म्हणाली. "मग मशीन आईची सवत कशी? आई तिथं बसती, तर मी उद्या तिथंच जाते."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग शेडच हसायला लागलं. भगवंताला मात्र हसू आलं नाही. तो तरातरा चौरंगामागच्या पडद्याआड गेला आणि मिक्सरचं भांडं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन आला. मी मोठ्यानं वाचलं. एक होतं स्टिरॉइड. दुसरं, शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांचं औषध.

"आरं तिच्या!" मागून एक म्हातारा ओरडला. "हे तर मी मेंढरास्नी पाजतोय! त्यांस्नी न्हाई कदी आई पावली!"

तेवढ्यात महाराज ध्यानाला म्हणून मागच्या दारानं गेले, ते एका जीपमध्येच ध्यानस्थ झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ती पाकिटं घेऊन पुण्याला गेलो. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी आधी शीलाचं रक्त तपासायला घेतलं.

"स्टिरॉइडनं भूक लागते आणि गाल सुजतात," ते म्हणाले. "त्यानं रोग बरा झाला असं होत नाही. आणि ही जंतांची गोळी... एका वेगळ्या कॅन्सरमध्ये आमच्या लोकांनीही ती वापरली आहे, दुसऱ्या औषधाच्या जोडीला. जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडू शकतो. पण ती रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाडू शकते, म्हणून रक्त तपासत, मोजून द्यावी लागते. मिक्सरमधून नाही. तुम्ही काहीही घ्या, पण मला सांगून घ्या."

शीलाचा शेक पूर्ण झाला. आज आठ वर्षं झाली, ती ठणठणीत आहे. गेणभाऊ पुढं त्याच दुखण्यानं गेले. हॉस्पिटल म्हणजे काही देव नव्हे, आणि तिथले लोक तसं म्हणतही नाहीत.

पण त्या सोमवारी आमच्याच एस.टी.त अवसरी खुर्दची साळुबाईही चढली होती. शीलासारखंच दुखणं. महाराजांच्या शब्दावर तिनं चार महिन्यांपूर्वीच शेक सोडला होता. शेडमधला तमाशा पाहून ती उठून आली होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, बराच वेळ तिच्याजवळ बसले आणि वेदना कमी करायच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, "सर, तिनं इचारलं तसं मीबी आदी इचारायला पायजे व्हतं."

तेच मी तुम्हाला सांगतो आहे. औषध देशी असो, विलायती असो, नाहीतर मेंढीचं असो, देणाऱ्याला विचारा: किती जणांना दिलंत, त्यातले किती मेले, आणि जे जगले त्यांनी बरोबर आणखी काय घेतलं होतं? विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो महाराज.