गोपिकाबाईचा अंगठा

भेंडीवर बारीक लव असते. तोडणाऱ्याच्या बोटांना ती टोचते आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहते.

रोहण्याच्या शाळेला कुलूप आहे. आत रिकामी खोकी ठेवतात.

पेटीतल्या बाईंना कधी शिंक येत नाही.

पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोची भिंत रेल्वेतून दिसते. आतलं काही दिसत नाही.

राख, नारळाची शेंडी, गरम पाणी.

*

दोन हजार चारच्या जूनपासून शाळा घरातच भरू लागली. पोरामागे एक पेटी घ्यायची. टीव्हीएवढी, खाली बटणं आणि अंगठ्यासाठी एक काच. काचेवर अंगठा ठेवला की हजेरी लागते आणि पडद्यावरच्या बाई धडा सुरू करतात. मध्येच पेटी थांबते, पुन्हा अंगठा मागते, विद्यार्थी उठून गेला नाही ना हे बघायला. धड्यांच्या मध्ये तेलाच्या, साबणाच्या जाहिराती येतात. तेव्हाही अंगठा लागतो.

पेट्या पुलगावात मोतीलालच्या दुकानात मिळत. रोहण्यात भाजीपाला पिकवणारे बंडूजी बायकोला, गोपिकाला, आणि सातवीतल्या आचलला घेऊन तिथं गेले.

"दाब बेटा अंगठा," मोतीलाल म्हणाला.

आचलने ठेवला. पेटी गप्प.

"जोरानं दाब ना. काऊन भेतं?" गोपिकाने तिचा हात धरला आणि टोपलीत मेथी दाबावी तसा काचेवर दाबला. आचलचा हात घामाने ओला होता. तो निसटला. काचेवर राहिला तो गोपिकाचा अंगठा.

पेटी वाजली. *स्वागत आहे, आचल.*

"हो गया," मोतीलाल म्हणाला.

"अवो शेटजी, थो तं माहा अंगठा हाय!"

मोतीलालने पडदा बघितला, मग मागची रांग बघितली. "आता मोडत नाई वहिनी. एका पोराची एकच नोंद. माह्या हातात काई नाई. तक्रार पेटीवरच टाका लागते."

"टाकतो ना," बंडूजी म्हणाले.

"त्याच्यासाठी आचलचा अंगठा लागन."

"म्हणजे इचा?" बंडूजींनी बायकोकडे बोट दाखवलं.

रांगेत हशा झाला. "काय बंडूजी, म्हातारपणी बायकोले शाळेत घातलं का?"

घरी येऊन त्यांनी तक्रार टाकली. गोपिकाच्याच अंगठ्याने.

*आचल, तुमची नोंद बरोबर आहे.*

*

मग सकाळभर गोपिका पेटीसमोर. आचल बटणं दाबून उत्तरं देई, गोपिका अंगठा देई. मधल्या वेळात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडे.

*शाब्बास, आचल.*

"मा, ते मले म्हणते."

"मी कुठं काई म्हटलं?"

दुपारी गोपिका वावरात जाई, काचेसाठी जपायच्या अंगठ्याला चिंधी बांधून. चिंधीच्या बोटाने भेंडी धड तुटत नाही. आधी ती सगळ्यांच्या पुढं असायची, आता मागं पडायची. शेजारच्या धुरपताची पोर रुख्मिणी तिच्या पुढून भेंडीचा तास, म्हणजे ओळ, तोडत जाई. रुख्मिणीची हजेरी कमी भरली आणि नाव कटलं. ज्याचं नाव कटलं त्याला दुसरी पेटी नाही. ती आचलएवढीच होती. तिच्या अंगठ्याला चिंधी नव्हती.

"काकू, तुमचं बोट मास्तर झालं का?" ती हसून विचारी.

आचलला ते हसू नको वाटे. वार्षिक परीक्षा पेटीवर एकदाच होते. अंगठा लागला नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर नाव नाही.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजाराचा माल निघायचा होता. बंडूजी एकटे पुरेनात. गोपिका तोडायला गेली तेव्हा चिंधी सुटून कुठंतरी पडली. संध्याकाळी तिचा अंगठा चिकट आणि काळा होता. पेटीने तो दोनदा नाकारला, तिसऱ्या वेळी घेतला.

आचल घाबरली. तिने पाणी तापवलं. चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि आईचा हात मांडीवर घेऊन घासायला बसली.

"हळू वं."

"थांब ना मा. भेगाइत अजून काळं हाय."

तिने पाणी बदललं, पुन्हा घासलं. गोपिकाने हात ओढून घेतला नाही. शेवटी अंगठा लालबुंद झाला. गोपिकाने तो कंदिलापाशी नेऊन बघितला आणि तिला हसू आलं.

"कसा गुळगुळीत झाला व माय. शेटाच्या बायकोवानी."

*

*ओळख पटली नाही.*

"पुस ना काच."

*ओळख पटली नाही.*

"मा, जोरानं दाब."

गोपिकाने दुसऱ्या हाताने अंगठा दाबून धरला. नख पांढरं पडलं.

*तुम्ही आचल नाही.*

आचलने आईचा हात बाजूला केला आणि स्वतःचा अंगठा ठेवला.

*तुम्ही आचल नाही.*

मग साबणाची जाहिरात लागली. तिला अंगठा लागला नाही.

"झाला का पेपर?" अंगणातून बंडूजींनी विचारलं. ते टोपल्या सायकलला बांधत होते. पुन्हा विचारलं. मग आत येऊन बघितलं आणि बाहेर जाऊन टोपल्यांची गाठ सोडून पुन्हा बांधली.

दुपारी गोपिकाने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि आचलच्या अंगठ्याला बांधू लागली. सवयीनेच. अर्धी बांधून झाल्यावर आचलने ती सोडली, चुलीत टाकली आणि भेंडीच्या वावरात गेली. रुख्मिणीने तिला शेजारचा तास दिला.

पेट्या यायच्या आधी, रोहण्याच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, तिथल्या प्रभाकरराव गुरुजींनी हजेरी घेतली होती. आचल "हजर" म्हणाली, आणि त्यांनी मान वर न करता, आवाजावरूनच, वहीत तिच्या नावापुढं खूण केली.