कात्रीखाली आलेला काळा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे, न्यायाधीशाचा. तुमच्याशी बोलतो आहे खरा, पण माझी थरथर अजून थांबलेली नाही.

नाशिकच्या एका शिंप्याने मला गोविंदरावांसाठी शिवले. गोविंदराव आधी वकील होते. मग नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, पुढे कायदेमंडळात निवडून गेले. तिथे ते इंग्रज सरकारला भर सभेत धारेवर धरत. एक दिवस त्याच सरकारने त्यांना न्यायाधीश केले. "आता यांचे तोंड बंद झाले," असे लोक कुजबुजू लागले.

मग तो खटला आला. एका शाळामास्तरांनी सरकारविरुद्ध भाषण केले होते. शिक्षा झालीच पाहिजे, असा कलेक्टरसाहेबांचा निरोप होता. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर बंदूकधारी पोलीस उभे होते. गोविंदरावांचा चेहरा शांत होता. पण आत त्यांची छाती धडधडत होती, माझ्या बाह्या घामाने भिजल्या होत्या. मीही भेदरलो. ते म्हणाले, "आरोपी निर्दोष आहे."

त्यांची दूर बदली झाली. बढती कधीच मिळाली नाही. त्यांच्यामागे मी पेटीत पडलो.

खूप वर्षांनी त्यांचा पणतू अभिजित नोकरीसाठी कतारला आला, तेव्हा त्याच्या सामानातून मीही आलो. तिथे दोहा शहरात, अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या तळाशी राहू लागलो. गेल्या आठवड्यात अचानक दार उघडले. अभिजितच्या मुलीला, उर्वीला, शाळेच्या नाटकात वटवाघूळ व्हायचे होते.

"यल्ला, चल लवकर उर्वी, सरळ उभी राहा!" म्हणत तिच्या आईने, अंतराने, कात्री उचलली. गार पाते माझ्या काठातून करकरत वर सरकले. मला ओरडायचे होते. पण झग्याला कुठला आवाज?

"अगं थांब, थांब!" सुट्टीला आलेल्या अभिजितच्या आई, शोभाआजी, धावल्या. "माझ्या आजेसासऱ्यांचा झगा आहे तो!"

"अगंबाई! आई, मला वाटलं अभिजितचा कॉलेजचा गाऊन आहे."

आजींनी मग तो खटला सांगितला. उर्वीने हळूच विचारले, "वॉज ही स्केअर्ड, आजी?"

"छे गं! ते कुणाला भीत नसत."

नाही उर्वी, ते फार घाबरले होते. घाबरूनही खरे बोलले. पण हे तिला कोण सांगणार?

अंतराने माझा कापलेला काठ स्वतः शिवला. वटवाघळासाठी नवे कापड आणले. तरी कपाटाचे दार वाजले की अजून माझ्या धाग्याधाग्यात धस्स होते. मित्रांनो, जुन्या वस्तूला हात घालण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही कुणाची? आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.