दुसरी सही

कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवणारं एक साधन ती काम करायची त्या कंपनीत होतं. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणाऱ्या पंपाचा कोड त्याच्या तपासणीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. साधन उगाचही किरकिर करायचं. म्हणून रीत अशी होती, की इशारा गप्प करायचा तर शेजारी कारण लिहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी ते वाचून खाली सही करायची.

तिच्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या काकांनी चौदा वर्षांपूर्वी अशाच एका इशाऱ्याशेजारी लिहिलं होतं, "तपासलं आहे. चालतं." काकांना सगळे भिंग म्हणायचे, कारण त्यांच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे. तिला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. ते निवृत्त झाले, पंपात नवी चिप आली आणि साधनानं जुने सगळे इशारे पुन्हा पुढ्यात टाकले. दुसरी सही नव्यानं करायचं काम तिच्याकडे आलं. बाकीच्यांचे तिनं डोळ्यांत तेल घालून वाचले. काकांच्या चाळीस इशाऱ्यांखाली मात्र डोळे झाकून सही ठोकली.

सह्या केल्यावर नवव्या दिवशी चाचणीच्या टेबलावरचा पंप मध्येच बंद पडला.

पंप बंद पाडणारी ओळ काकांच्या त्याच इशाऱ्याची होती, आणि साधी होती. एकेका बाइटच्या रांगेतून, पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या खुणेचा, प्रकार बदलून, चार बाइट एकदम उचलायचे. जुनी चिप ते कुठूनही उचलू द्यायची. नवीला चारनं भाग जाणारा पत्ताच लागतो, नाहीतर ती सरळ हात वर करते. आणि पुढच्या आठवड्यात असे सहाशे पंप दवाखान्यांत जायचे होते.

साहेबांनी पंपांची रवानगी थांबवली. अहवालात मूळ लिहिणाऱ्याचं नाव टाक, निवृत्त माणसाचं आता काय जातंय, असंही म्हणाले. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. निदान त्यांच्या कानावर घालावं म्हणून ती दुपारी काकांकडे गेली.

काकांना आता समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. तिनं साहेबांचं म्हणणं सांगितलं आणि ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, चिप बदलेल हे मला सुचायला हवं होतं, खुशाल माझं नाव लिही. तिनं लॅपटॉप मिटायला घेतला.

"खाली दुसरी सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलली असती तरी त्यांना दिसणार नव्हतं.

"माझी."

"वाचलं होतंस?"

"नाही काका. तुमचं होतं ना."

त्यांचा चेहरा उतरला. पंप कुणा रुग्णाला लावला नव्हता ना, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"आता वाच. चाळीसही."

ती वाचत गेली आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. सतराव्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांब. हीसुद्धा चुकली आहे," काका म्हणाले. "लिहून घे. आधी माझं नाव, खाली तुझं."