एकवीस दिवस

सार्डिन माशांच्या डब्याच्या बुडाला चिकटलेली, तो उघडायची ती इवलीशी किल्ली... नलिनी ती नखाने उचकटत होती आणि समोर बसलेला चंद्रप्रकाश नंदूबद्दल सांगत होता. नंदू, म्हणजे नंदकिशोर, तिचा एकुलता एक मुलगा, चार वर्षं ऑस्लोत. हा त्याच्याच ऑफिसातला, रजेवर अंधेरीला आलेला, नंदूने दिलेला डबा पोचवायला मुद्दाम मुलुंडपर्यंत आलेला.

"तुरुंगातले एकवीस दिवस जड गेले त्याला, काकू. पण आता सावरलाय."

किल्ली निघेना. कसले एकवीस दिवस? ...फेब्रुवारीत पत्र नव्हतं, आणि मग आलं ते असं, की उत्तरेला बोटीच्या कामावर होतो, तिथून टपाल निघत नाही. मी ते खरं धरलं. शेजारच्या जयंतीला वाचूनही दाखवलं.

काकूंना ठाऊकच असेल, असं चंद्रप्रकाशला वाटलं होतं. आता तो चाचरत सांगू लागला — पार्टीहून परतताना पोलिसांनी सगळ्यांच्याच गाड्या थांबवल्या, रक्त तपासलं, नंदूच्या रक्तात दारूचं प्रमाण मर्यादेपेक्षा जरासंच जास्त निघालं.

"कोणाला लागलं?"

"कोणालाच नाही. तिथला कायदाच तसा. इथं असता ना काकू, तर काही झालं नसतं."

इथं... इथं नंदूचे बाबा, राजाराम, गिरणीतली नव्हे तर कारखान्यातली पहिली पाळी संपवून भर दुपारी आग्रा रोड ओलांडत होते, आणि ती फियाट आली; ते जागच्या जागी गेले. गाडीवाल्याच्या तोंडाला दारूचा वास होता, तसं पोलिसांच्या कागदावर लिहिलंही होतं; पण त्याचा वकील म्हणाला, वास येणं वेगळं आणि गाडीवरचा ताबा सुटण्याइतकी नशा असणं वेगळं, ती सिद्ध करा. झाली नाही. दंड भरून माणूस सुटला, आणि कोर्टाच्या जिन्यात नंदू भिंतीवर मूठ आपटून रडला. तिकडे गेल्यावर त्याचं पहिलं मोठं पत्र त्यावरच — आई, इथे वकिलाची हुशारी चालत नाही, रक्तात ठरल्यापेक्षा जास्त दारू सापडली की सरळ तुरुंग, अपघात होवो न होवो... ते पत्र मी साऱ्या बिल्डिंगला दाखवलं. जगात कुठेतरी न्याय आहे, आणि माझा मुलगा तिथे राहतो.

आणि पिऊन गाडीत बसताना त्याला बाप आठवला नाही? की आठवला, आणि तरी बसला?

चंद्रप्रकाश चहा अर्धा ठेवून गेला. चारच्या सुमाराला जयंतीने हाक मारली. नंदूचे फोन तिच्याकडेच यायचे. रिसीव्हर कानाला लावेपर्यंत नलिनीने वाक्य जुळवून ठेवलं होतं — बाबांच्या फोटोसमोर आता कोणत्या तोंडाने उभा राहशील? नंदूने तब्येत विचारली, मग चंद्रप्रकाश येऊन गेला का विचारलं, आणि जरा थांबून,

"आणखी काही बोलला का गं?"

"तिथे पांघरायला नीट देत होते का रे?"

तिकडून नुसता श्वास, इतक्या लांबून इतका जवळचा... जयंती पाठमोरी होऊन तांदूळ निवडत राहिली. नलिनीला स्वतःचा आवाज परका वाटला, कुठल्याशा दुसऱ्याच बाईचा — आरोपीच्या बाकामागे बसून राहणाऱ्या कुणा आईचा. मग ह्यांच्या बाजूने बोलायला आता कोण उरलं?

ती रिसीव्हर धरून उभी राहिली. ठेवावा असं वाटेना, आणि बोलावं असंही.