हळदीची राखण

हळद शिजवून आंगणात वाळत घातली होती. भर उन्हात मी ती पायानं खालीवर करीत होते, तवा सुमनबाई लिंबाचा डहाळा घेऊन फाटकात उभी राहिली. ही माझी चुलत जाऊ. दुसऱ्याच्या घरातलं तिला घरच्यांच्या आधी कळतं.

"आक्का, शिवूच्या आंगावर लाल उठलंय म्हणं. माय आली. फोडणी बंद करा, आन् सुई टोचू नका. माय कोपती."

गोवर-कांजण्या निघाल्या की आमच्याकडं माय आली म्हणतात. लेकराला लिंबाच्या पाल्यावर निजवतात, दहीभाताचा निवद दाखवतात आन् दवाखान्याचं नावबी काढत न्हाईत. माझ्या सुनेनं, राजकन्येनं, पाला आधीच आंथरला होता. लेक बालाजी उंबऱ्यात बसून मोबाईल चाळून राहिला होता, जसं काई लेकरू शेजाऱ्याचं हाय.

मी आत जाऊन नातीला, शिवूला, हात लावला. आंग तव्यावानी. डोळे पळसाच्या फुलावानी लाल, ओठ फाटलेले. पोट दुखतंय म्हणून कण्हत होती. आन् पाय हातात घेतले तर गार. आंग तापलेलं, पाय गार.

"ही माय न्हाई," मी म्हणले. "माझ्या चारी लेकरांना माय येऊन गेली. असे पाय कुणाचे गार पडले न्हाईत. बालाजी, गाडी काढ."

"गाव काय म्हणंल, आई?"

"माती द्यायला येईल गाव, तवा इचार त्याला."

सुमनबाई तोंडाला पदर लावून म्हणली, "आक्का, तुमची जीभ लई वाईट हाय."

"हाय. पाला ठेव तिथं, शेळी खाईल."

मोटारसायकलवर लेकराला मधी धरून हदगाव गाठलं. लेकरांची डॉक्टरीण तरणी होती. तिनं पायाचं बोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली, आन् इचारलं, "महिन्या-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता का? ताप, खोकला?"

बालाजी घोकून ठेवल्यावानी बोलला, "न्हाई मॅडम. कुणालाच न्हाई."

मला त्याच्या तोंडाकडं पाहवंना.

आता ही राखणीची गोष्ट सांगते. त्याच्या आधीच्या महिन्यात आमच्या गावात ज्याला ताप आला तो शेतातल्या आखाड्यावर, खोपटात, जाऊन पडला, आन् घरचे गावात सांगायचे, हळदीची राखण करून राहिलाय. आशाताई दारोदार इचारायची, तर दारोदार एकच, हाव, समदे बरे हायत. एवढे राखणदार गावानं जन्मात पाह्यले नव्हते. हळदीची एक गाठ चोरायला कुणी आलं न्हाई. बालाजी त्यातलाच. तोंडाची चव गेलेली, चार पावलं चालला की दम लागायचा. शिवू बापाला भाकर घेऊन जायची आन् त्याच्याच ताटात जेवायची. तिला दोन रोज नाक वाह्यलं, तेवढंच. मी तवाच म्हणले होते, आशाताईला सांग. तर मला म्हणला, आई, इज्जत जाईल, हौदावर पाणी भरू देणार न्हाईत.

त्या इज्जतीपायी आता लेकीसमोर खोटं.

"खोटं बोलून राहिलाय, डॉक्टरीणबाई," मी म्हणले. "यालाच झाला होता. आखाड्यावर लपला होता. लेकरू त्याच्या ताटात जेवलंय."

डॉक्टरीण रागावली न्हाई, नुसती घाई करायला लागली. म्हणली, "आजी, बरं झालं बोललात. कोरोना निघून जातो, पण काही लेकरांच्या आंगातली रोगाशी लढायची ताकद नंतर त्यांच्याच आंगावर उलटते. हिच्या काळजाला सूज आली असंल. नांदेडला न्या, आत्ताच. मी गाडी बोलावते."

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात शिवूच्या नाकाला नळी, हाताला नळी. तिथला डॉक्टर म्हणला, अजून एक दिवस घरी ठेवली असती तर हाती लागली नसती. वाचली. पण अजून जिना चढली की मधीच बसती, आन् काळीज तपासायला परत परत न्यावं लागतं. पळणारं लेकरू होतं ते.

गावात परतलो तर बायका म्हणल्या, माय पावली. सुमनबाईनं निवद दाखवला होता म्हणं. मी वाळलेली हळद पोत्यात भरायला घेतली. असल्या बोलण्यावर थुंकायला तरी तोंड ओलं लागतं.

मग एका दुपारी सुमनबाई मागच्या दारानं आली. नातू प्रेम खांद्यावर. त्याचे डोळे लाल, पाय लोंबत होते. मी पाय धरून पाह्यले. गार. तिचा लेक रुद्रेश, प्रेमचा बाप, तोबी हळदीचा राखणदार.

"आक्का, त्या डॉक्टरणीकडं न्या. पण गावात बोलू नका."

"बालाजी, गाडी पुढच्या दारात लाव," मी म्हणले. "चल सुमन. पुढून."

पुढं पार हाय. पारावर चारसहा माणसं बिड्या फुकत बसलेली. त्यातल्या एकानं इचारलंच, "काय सुमनबाई, माय आली का लेकराला?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं. गाडी चालू होती.

"न्हाई," ती म्हणली. "रुद्रेशला कोरोना झाला होता. त्याच्यामुळं."

ती प्रेमला घेऊन बालाजीच्या मागं बसली, गाडी गेली, मी दारात राहिले. पारावर कुणी हासलं न्हाई. जरा वेळानं एकानं बिडी इझवली आन् घराकडं चालू लागला, घाईघाईनं. त्याच्याबी घरी दोन लेकरं हायत, आन् त्यानंबी हळद राखली होती.