मागून दिसणारा चौथा

मी पडदा बोलतोय. गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचा पडदा. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. कपाळावरचं गोंदण ज्याचं त्याला दिसत नाही, तसं माझं आहे. चित्र माझ्या अंगावर पडतं आणि मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. कोण कुठं हसलं, कुणी पदर डोळ्याला लावला, कोण बिडी पेटवायची विसरला, यावरून मी सिनेमा ओळखतो.

भिंगारच्या एका शिंप्यानं मांजरपाटाचे पन्हे जोडून मला शिवलं. काळी किनार झुंबरबाईनं आपल्या हातानं लावली. झुंबरबाई म्हणजे माझे मालक भिमाजी यांची बायको. भिमाजी सिनेमाचं मशीन चालवायचे. ती बायकांच्या दाराशी बसायची आणि मी कुठं फाटलो की मला टाके घालायची. मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो, त्याच्या कडेला आमचा तंबू लागायचा. तिथली धूळ अजून माझ्या शिवणीत आहे.

गर्दी फार झाली की माणसं माझ्या मागच्या बाजूलाही बसत. मागून चित्र उलटं दिसतं. उजव्या हातानं जेवणारा डावखुरा होतो, पाटीवरची अक्षरं उलटी पडतात. मागच्यांना नीट दिसावं म्हणून भिमाजी माझ्यावर पाणी शिंपडायचे, कारण ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. अक्षरं उलटी पडली तरी तक्रार नसायची. वाचता येणारं मागं क्वचितच कुणी असायचं.

मग दुष्काळ पडला. जत्रा सुकल्या. त्यातच एका वावटळीत तंबूचं छत फाटलं, ते पुन्हा शिवणं झालं नाही. भिमाजींनी मला पाथर्डीच्या पुढं, खडी फोडायच्या केंद्राजवळ, उघड्या माळावर दोन खांबांना बांधलं. सारा तालुका तिथं दगड फोडत होता. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, घरी मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी. दिवस मावळला की माणसं हातपाय न धुताच येऊन बसायची, कारण धुवायला पाणी नव्हतं. बाप्ये पुढं, बाया मागं, असं झुंबरबाईनं ठरवलं. दिवसभर मुकादमाच्या नजरेखाली राबलेल्या बाईला तासभर तरी कुणाच्या नजरेत न येता पाय पसरून बसता यावं, असं तिचं म्हणणं. माझ्यावर पाणी शिंपडायचं मात्र बंद झालं. प्यायलाच टँकरची वाट बघावी लागत होती.

अशात एक दिवस तीन पोरं आली. छगन, बन्सी आणि भाऊसाहेब. तिघंही मॅट्रिकपर्यंत शिकलेली, तिघंही पाथर्डीच्या एस.टी. स्टँडवर दिवस काढणारी. छगन मधली दोन वर्षं नगरच्या एका फोटो स्टुडिओत होता. तिथल्या मालकाकडं लष्कराच्या लिलावातला चावी भरायचा जुना कॅमेरा होता आणि उरलीसुरली रिळं होती. त्यावर या पोरांनी आपलाच सिनेमा काढला होता. नाव ठेवलं होतं ‘बसलोय’. काय चाललंय, असं कुणी विचारलं की ही पोरं जे उत्तर द्यायची, तेच नाव. भिमाजींकडं त्या आठवड्याला नवीन रीळ आलं नव्हतं. ते म्हणाले, लावून बघू.

सिनेमाला आवाज नव्हता. बन्सी माझ्या शेजारी उभा राहून भोंग्यातून तिघांचंही बोलायचा.

“कुठं चाललास?”

“कुठं न्हाई.”

“मग थांब की.”

“थांबलोच हाय.”

असंच सगळं. बाकीचं मला नंतर लोकांच्या बोलण्यावरून कळलं. तिघं अर्धा अर्धा कप चहा पितात, टेकडीवर जातात, परत येतात, लिंबाखाली पडतात. ऊसतोडीला माणसं नेणारा ट्रक येतो. तिघं उठतात, ट्रकपर्यंत जातात आणि न चढता माघारी येऊन बसतात. सिनेमा संपतो.

पुढचे बाप्ये थोड्या वेळानं कुरकुरायला लागले. नाचगाणं कधी येतंय, असं कुणी विचारलं. रखमाजी नावाचे एक म्हातारे गडी होते, ते मोठ्यानं म्हणाले, “ह्यात दावलंय काय? असली पोरं माझ्या दारात फुकट बसत्यात.” त्यावर सगळे हसले. पण मी तोंडं बघत होतो. तरणी पोरं हसली नाहीत. ट्रकच्या वेळी त्यांच्यातला एक उठून उभा राहिला, मागच्यांनी त्याला खाली बसवलं, आणि उरलेला सिनेमाभर तो आपल्या तळहातांकडं बघत राहिला.

मागच्या बाजूला हसू नव्हतं, कुरकुरही नव्हती. खेळ संपल्यावर लंकाबाई नावाची बाई झुंबरबाईजवळ आली. खडीवरची सगळ्यात बोलकी बाई. तिनं हळू आवाजात विचारलं, “त्या चौथ्याला च्या का न्हाई दिला वं त्यांनी?”

झुंबरबाईला वाटलं, हिला झोप लागली असेल. पण दुसऱ्या बायाही तेच म्हणाल्या. तिघांच्या जरा मागं, खालच्या कोपऱ्यात, एक पोरगा बसलेला असतो. कुणी त्याच्याशी बोलत नाही.

सकाळी झुंबरबाईनं हे पोरांना हसत हसत सांगितलं. पोरं हसली नाहीत. छगननं डबा उघडून सगळं रीळ उन्हात धरून बघितलं, हातभर हातभर पुढं सरकवत. तिघंच होती. मग भाऊसाहेब, जो फारसा कधी बोलत नसे, खाली बसला आणि त्यानं भिमाजींना सगळं सांगितलं.

ते मुळात चौघं होते. चौथा गोरक्ष. आपल्यावर सिनेमा काढायचा, हे खूळ त्याचंच. त्याच्या घरी फक्त आई, मनकर्णा. दोन वर्षांमागं चौघांनी ठरवलं की बसून बसून कंटाळा आला, ऊसतोडीला जाऊ. ट्रक आला, गोरक्ष चढला. बाकी तिघं उद्याच्या ट्रकनं येतो म्हणाले आणि गेले नाहीत. महिन्याभरात निरोप आला. संध्याकाळी अंघोळीला गोरक्ष प्रवरेच्या पाटात उतरला होता, पाण्यानं ओढून नेला. शोधलं, पण सापडला नाही. अंग सापडलं नाही म्हणून आईनं दहावा करू दिला नाही. पोरगं येईल म्हणून ती अजून दाराला आतून कडी लावत नाही.

ते ऐकून झुंबरबाई उठली आणि माझ्याकडं आली. बायांनी सांगितलेला कोपरा तिनं चिमटीत धरला. तो ओला होता.

मला ते रात्रीच कळलं होतं, पण मी कुणाला सांगणार? दंव म्हणावं तर त्या साली दंवही पडत नव्हतं. झुंबरबाईनं कापड नाकाला लावलं. गाळाचा वास होता, वाहत्या पाण्याच्या तळाशी असतो तसा. उन्हं चढल्यावर कोपरा वाळला आणि तिथं मातकट कड उमटली.

छगन म्हणाला, रीळ घेऊन जातो, पुन्हा दाखवायचं नाही. बन्सी म्हणाला, दाखवायचं. दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी बायांनीच निकाल लावला. संध्याकाळी त्या येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तेच लावा.

त्या दिवशी बायांनी सांगितलं, चौथा आता बसलेला नाही, उभा आहे. त्याच्या पुढच्या खेळाला तो आणखी जवळ आला होता. आणि लंकाबाईनं एक गोष्ट हेरली. मागून बघताना ती तिघं डाव्या हातानं चहा पितात, कारण चित्र उलटं पडतं. हा मात्र उजव्या हातानं तोंडावरचं पाणी निपटतो. खिसासुद्धा त्याचा, सदऱ्याला असतो तसा, डाव्या बाजूलाच आहे.

“म्हंजी तो त्या चित्रात न्हाई,” लंकाबाई म्हणाली. “तो पडद्याच्या पल्याड, आमच्याकडं तोंड करून उभा हाय.”

त्या रात्री माझ्या कोपऱ्यातली ओल कमरेइतकी वर चढली. पाणी जड असतं. खांबाची दोरी करकरत होती आणि वारा अजिबात नव्हता.

अशी गोष्ट माळावर राहते थोडीच? चार कोसांवरून मनकर्णा चालत आली. दुपारची वेळ होती. वाळकी, उंच बाई, पायात तुटकी चप्पल. तिला बघून छगन मशीनच्या मागं गेला. ती कुणावर रागावली नाही. म्हणाली, “माझं पोरगं तुमच्यात दिसतंय म्हनत्यात. मला दावा.”

बन्सीनं तिला काकी म्हणून हाक मारली. भाऊसाहेबानं तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही, तांब्या हातात धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

खेळ सुरू झाला. बन्सीनं भोंगा तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. सिनेमा मुका चालला. पुढचे बाप्ये एरवी ओरडले असते.  मागं बायांनी वाट करून दिली आणि मनकर्णा माझ्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर येऊन बसली. मी तिचं तोंड बघत होतो. आधी तिथं काही नव्हतं. मग तिची नजर एका जागी ठरली आणि हळूहळू वर गेली, समोर कुणी उठून उभं राहत असावं तशी.

“किती भिजलास रं,” ती म्हणाली.

बराच वेळ ती मान हलवत होती, कुणाचं तरी ऐकावं तशी. एकदा तिनं विचारलं, जेवलास का. एकदा, थंडी वाजते का. माझ्या अंगातून पाणी ठिपकत होतं, त्याचा आवाज सगळ्यांना येत होता. झुंबरबाईनं माझ्याजवळच्या बायांना मागं ओढलं.

पुढं, चित्रात, ट्रक आला असावा, कारण पुढच्या पोरांनी माना वर केल्या. तेव्हा मनकर्णा उभी राहिली आणि तिनं आपला तळहात माझ्यावर टेकवला.

आता जे सांगतो ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तिचा हात मागच्या बाजूनं टेकला. त्याच जागी, त्याच क्षणी, पुढच्या बाजूनं दुसरा एक तळहात टेकला. गार, बोटं पसरलेली. पुढं माझ्याजवळ कुणीही नव्हतं. बन्सी खांबापाशी होता. मी त्या दोन हातांच्या मधे होतो, एका कापडाइतकंच अंतर.

मनकर्णा म्हणाली, “लई दिस बसलास माझ्यासाठी. आता बसू नगं, बाळा. जा.”

पुढचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग एकेक बोट सुटत गेलं.

रीळ संपून पांढरा उजेड माझ्यावर पडला, तेव्हा मशीनमागून छगनचं रडणं ऐकू आलं. मनकर्णा माझ्या मागून फिरून पुढं आली. तिघं मान खाली घालून उभे होते. तिनं विचारलं, उद्या माझ्यासंगं पाटावर याल का. दहाव्याला खांदेकरी लागतील असं काहीसं ती म्हणाली, पण खांदा द्यायला काही उरलं नव्हतं, हे तिलाही कळलं आणि ती थांबली. भाऊसाहेब म्हणाला, “आमीच येतो, काकी. पहिल्या गाडीनं.”

या खेपेला तिघंही गाडीत चढले. परत आले तेव्हा तिघांची डोकी भादरलेली होती, सख्ख्या भावांनी करावं तसं त्यांनी केलं होतं. मी तोवर कोरडा झालो होतो. मातकट कडही धूळ झटकावी तशी निघून गेली.

त्यानंतर ‘बसलोय’ तिथं एकदाच लागला, लोकांनी मागितला म्हणून. मागच्या बायांना चौथा दिसला नाही. त्या निवांत बसल्या, दोघींनी तर डुलक्या काढल्या. पण पुढून रखमाजी म्हातारे मधेच बोलले. या वेळी त्यांनी मोठ्यानं विचारलं नाही. “बन्सी, ही तिघं सारखी त्या मोकळ्या जागंकडं बघत्यात. तिथं कोन हुतं रं?”

सिनेमा काढताना त्या तिघांनाही हे कळलेलं नव्हतं. बन्सीनं भोंगा तोंडाशी नेला आणि फक्त नाव सांगितलं. गोरक्ष. माळावर ते नाव लांबपर्यंत गेलं.

पुढच्या साली पीकपाणी झालं, केंद्र उठलं, माणसं आपापल्या गावी गेली. भिमाजींनी मशीन विकलं. त्यांना दम्यानं धरलंय. पाथर्डीत एका खोलीत ते दोघं राहतात आणि मी त्या खोलीच्या मधोमध दोरीवर टांगलेला असतो. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला भिमाजींची खाट. आता माझ्यावर उजेड पडतो तो फक्त कंदिलाचा. भाऊसाहेब ऊसतोडीला जातो, बन्सी एस.टी.त लागला. ते कधीमधी मनकर्णेकडं जेवायला असतात, असं झुंबरबाई सांगते.

छगन परवा आला होता. त्यानं सिनेमा नगरला नेऊन दाखवला, शिकल्यासवरल्या लोकांना. ते म्हणाले, चित्रण बरं आहे, पण यात काही घडत नाही. एका प्राध्यापकांनी तरुण पिढीच्या वैफल्यावर भाषणही केलं. “भिंतीवर दावला, मामी,” छगन म्हणाला. “भिंतीला मागची बाजू न्हाई.”

झुंबरबाई चहा करायला चुलीकडं वळली. छगन माझ्या मागं येऊन खाली बसला. भर दुपार होती. ना मशीन, ना रीळ. तो माझ्याकडं बघत राहिला. मी इतकी तोंडं पाहिलीत, पण तसं तोंड पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, “हाईस का रं?”

मग हात लांब करून त्यानं माझा खालचा कोपरा मुठीत घेतला आणि दाबून बघितला, ओल लागते का म्हणून. लागली नाही. त्याचा चेहरा पडला. चहा न घेताच तो उठून गेला.

मला बोलता आलं असतं तर मी त्याला थांबवलं असतं. तो तुम्हाला नगरच्या स्टँडवर कुठं भेटला, तर माझ्या वतीनं एवढं सांगा: कापड कोरडं आहे, छगन. त्यात रडण्यासारखं काही नाही. गोरक्ष गेला, म्हणून कोरडं आहे.